अनुमोदनबाई

"अनुमोदन," असं म्हणत तिने उजवा हात वर केला आणि डाव्या तर्जनीला चिकटलेला वेष्टणाचा कागद अंगठ्याच्या नखाने खरवडत राहिली.

खोलीत हशा पिकला. सरचिटणिसांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, ठराव अजून वाचून संपला नाहीये."

"नाही का?" तिने हात खाली घेतला. "मला वाटलं संपला."

"राहू द्या, राहू द्या. गाडी यायच्या आधीच सिग्नल पडला," खजिनदार म्हणाले. हा विनोद त्यांना स्वतःलाच इतका आवडला की त्यांनी तो शेजारी बसलेल्या बॉयलरवाल्याला पुन्हा ऐकवला. सरचिटणिसांनी उरलेला अर्धा ठराव वाचायची तसदी घेतली नाही. कागद मिटून खिशात घातला.

"व्यवस्थापनाशी झालेला करार कार्यकारिणीला मान्य. पुढचा विषय, सर्वसाधारण सभेच्या खुर्च्या."

करार असा चुटकीसरशी मंजूर झाला. खुर्च्यांवर मात्र खडाजंगी झाली. मंचावर मधली खुर्ची कुणाची, हात असलेली कुणाला आणि बिनहातांची कुणाला, यावरून अध्यक्ष आणि सरचिटणीस हातघाईवर यायचे बाकी राहिले.

साबणाच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेची ही कार्यकारिणी. पाच पुरुष आणि ती. भिंतीवर चार थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, आणि खाली बसणाऱ्या पाचही जणांना आपण एक दिवस तिथे टांगले जाणार याबद्दल शंका नव्हती. सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणत. तिला वहिनी म्हणत, कारण मशीन विभागाचा प्रतिनिधी तिचा नवरा होता. जगातली सगळी नाती उलटीपालटी करायला निघालेल्या या मंडळींनी हे एक नातं तेवढं जिवापाड जपलं होतं.

ती कार्यकारिणीत आली त्याचीही गंमतच होती. अध्यक्ष बाहेरचे वकील, सरचिटणीस कारखान्यातले. दोघांचा झेंडा एक, घोषणा एक, शत्रू एक. फक्त एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. सरचिटणिसांनी ठराव मांडला की अध्यक्षांचा माणूस अनुमोदन देईना, अध्यक्षांच्या माणसाने मांडला की सरचिटणिसांचा देईना. त्यातून प्रत्येकालाच सूचक व्हायचं होतं. सूचकाचं नाव पत्रकात ठळक छापून येतं, अनुमोदकाचं येतं ते खाली बारीक अक्षरात. शेवटी एका दुपारी कुणाच्याही गटात नसलेलं एक माणूस हवं असं ठरलं, आणि महिलांना प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे हा विचार संघटनेला त्याच दुपारी सुचला.

पॅकिंगमध्ये साऱ्या बायकाच. त्यांतली एक उचलायची तर ओळखीतली बरी, म्हणून नवऱ्याने तिचं नाव दिलं. तेव्हापासून प्रत्येक ठरावाला तिचंच अनुमोदन. बॉयलरच्या दुरुस्तीला तिचं, निषेधाला तिचं, अभिनंदनाला तिचं. बैठकीनंतर कप विसळणं जसं आपोआप तिच्याकडे आलं तसंच हेही आलं. पुढे पुढे तर पुरुषांपैकी कुणी चुकून अनुमोदनाला तोंड उघडलं तर बाकीचे त्याची खेचत. "काय रे, कपही विसळणार का?" असं विचारत. सुरुवातीला तिलाही थोडा अभिमान वाटला होता, ही गोष्ट खरी. पत्रकातली बारीक अक्षरं तिने आईला नेऊन दाखवली होती.

बैठक संपली. कप गोळा करताना तिने विचारलं, "उरलेल्या अर्ध्या ठरावात काय होतं?"

"तांत्रिक बाबी हो," सरचिटणीस म्हणाले. "पॅकिंग विभागाचं पुनर्नियोजन वगैरे."

"पुनर्नियोजन म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा नियोजन," खजिनदारांनी समजावून सांगितलं.

अध्यक्ष तेवढ्यात जिना उतरून गेले होते. बॉयलरवाला चपला शोधत होता, त्या पायातच होत्या. तिने कप विसळले, पालथे घातले आणि नवऱ्याच्या मागोमाग रस्त्यावर आली. तो सायकल हातात धरून पुढे चालत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला सगळंच ठाऊक असतं."

"मग सांगा, पुनर्नियोजन म्हणजे काय?"

"कंत्राट." त्याने घंटी उगाचच वाजवली. "पॅकिंग कंत्राटदाराला द्यायचं. तुम्हा बायकांना काहीतरी देऊन स्वेच्छेने निवृत्त करायचं. बदल्यात बाकीच्या विभागांना पगारवाढ."

"स्वेच्छेने? कुणाच्या?"

"शब्दात नको शिरूस. हिशेब बघ. तुझा पगार जाईल, माझा वाढेल. पाणी एकाच हंड्यात पडणार ना? वर तुला आराम."

आरामाबद्दल तो अधिकारवाणीने बोलू शकत होता. घरात शिरल्यापासून झोपेपर्यंत तो दुसरं काही करत नसे.

"आणि आमच्यातल्या ज्यांना नवरा नाही? ज्यांचा असून नसल्यासारखा आहे?"

"त्यांचंही बघेल संघटना."

"तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"आता मी काय बोलणार?" त्याला खरोखरच राग आला होता. "मी तोंड उघडायच्या आत तुझा हात वर. अनुमोदन मी दिलं का तू?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिची आई म्हणायची. इतकी वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं?

बातमी तिच्या आधीच पॅकिंगमध्ये पोचली होती. सकाळी ती आपल्या जागेवर उभी राहिली तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या बायका आपापला ढीग घेऊन थोड्या सरकल्या. पट्ट्यावरून वड्या येत राहिल्या. कागद, वडी, घडी, घडी, डिंक. कागद, वडी, घडी, घडी, डिंक. हे काम हातांना इतकं पाठ होतं की डोकं मोकळं राहत असे, आणि आज ते मोकळं राहणं तिला नको होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर समोर कात्री येऊन बसली. पॅकिंगमध्ये सगळ्यांत जुनी बाई. खोक्यांच्या पट्ट्याही कापायची आणि माणसंही, म्हणून कात्री. नवरा गेल्यावर दोन मुली तिने या टेबलावरच मोठ्या केल्या होत्या. धाकटीचं शिक्षण अजून चालू होतं.

"अनुमोदनबाई," कात्री म्हणाली, "जेवण गोड लागतंय ना?"

"मला माहीत नव्हतं गं. खरंच. ठराव अर्धाच वाचला होता."

"आणि तू अर्ध्यावरच हो म्हणालीस."

"हो."

"लग्नातसुद्धा बायका थोडं थांबतात." कात्रीने स्वतःचा डबा उघडला नव्हता. "आम्ही तुला तिथे धाडलं ते कशाला? त्यांची माणसं मोजताना एक कमी पडत होती म्हणून?"

'तुम्ही नाही धाडलंत, त्यांनी उचललं,' हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते घासाबरोबर गिळलं.

"सभेत पुन्हा येणार आहे ठराव," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. मी विरोधात बोलू का?"

"माइक देतील तुला?"

आजवर तिला माइक फक्त आभाराला मिळाला होता. महिला दिनाला सरचिटणीस स्त्रीमुक्तीवर बोलायचे, इतका वेळ बोलायचे की मागे उभ्या असलेल्या बायकांचे पाय भरून यायचे. आणि मग तिने त्यांचे आभार मानायचे.

"नाही देणार."

"मग काय करशील?"

"काय करू?"

"मला काय विचारतेस?" कात्री उठली. "बोलायचं तेव्हा तुला बोलता येत नाही आणि गप्प बसायचं तेव्हा गप्प बसता येत नाही. एक तरी शीक बाई."

सर्वसाधारण सभा सुट्टीच्या दिवशी दुपारी होती. सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर मशीनवाले, बॉयलरवाले, गोदामवाले बसले. खुर्च्या संपल्या तिथे पॅकिंगच्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मंचावर सहा खुर्च्या होत्या, पाच हातांच्या आणि एक बिनहातांची. इतक्या खडाजंगीतून अखेर ही एवढी एकच गोष्ट सर्वानुमते ठरली होती.

सरचिटणीस बोलायला उभे राहिले. त्यांनी भांडवलाला झोडपलं, नफेखोरीला झोडपलं, कंत्राटी पद्धतीला तर असं झोडपलं की टाळ्या थांबेनात. मग खिशातून ठराव काढला आणि पॅकिंग कंत्राटाने देण्याचा करार वाचून दाखवला. त्या कलमावर आल्यावर आवाज खाली आणि वेग वर, असं त्यांनी केलं. शेवटच्या ओळीला मात्र छाती पुन्हा फुगली.

"हा ऐतिहासिक करार सभेने मंजूर करावा, असा ठराव मी मांडतो." त्यांनी मागे न पाहताच हात पसरला. "अनुमोदन, वहिनी."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बोटांना डिंकाचा वास येत होता. उजवा हात उठू पाहत होता. इतक्या वर्षांची सवय, तो तिच्या परवानगीची वाट थोडीच बघणार? तिने तो डाव्या हाताखाली दाबून धरला.

"वहिनी?"

ती समोर भिंतीकडे पाहत राहिली. कात्रीने पदर खोचला होता आणि ती तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

सरचिटणीस वळले. आधी हसले, मग हसू आवरतं घेतलं, मग तिच्या खुर्चीकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाले, "ठराव वाचून झालाय, वहिनी. या वेळी पूर्ण वाचलाय."

"ऐकला," ती म्हणाली.

"मग?"

तिने डावा हात आणखी घट्ट दाबला. सरचिटणिसांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला म्हणाले, "कॉम्रेड, अनुमोदन."

तिला हसू आलं. हसायचं नव्हतं, पण आलं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेव्हा कुठे सरचिटणिसांच्या लक्षात आलं की आपण कुठे अडकलो आहोत. संघटनेची घटना त्यांनीच लिहिली होती. सभेतल्या कुणीही उठून लुडबुड करू नये म्हणून सूचक आणि अनुमोदक कार्यकारिणीचेच असावेत, हा नियम त्यांचा. अध्यक्षांचे ठराव पाडता यावेत म्हणून, अनुमोदन न मिळालेला ठराव पडला असं समजावं आणि वर्षभर तो पुन्हा आणू नये, हाही त्यांचाच. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून ते आता दोर शोधत होते.

त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार अध्यक्षांच्या गटातले. त्यांनी छताच्या पंख्याचं निरीक्षण सुरू केलं. अध्यक्ष सभा चालवत होते, त्यांना अनुमोदन देता येत नव्हतं, आणि देता आलं असतं तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघता त्यांनी ते दिलं नसतं. राहिला बॉयलरवाला. तो सरचिटणिसांचा हक्काचा माणूस. डोळ्यांनी खूण झाली, कोपराने ढोसणं झालं, आणि त्याने चोरी केल्यासारखा हात अर्धा वर नेला.

"अगंबाई!" पुढच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाज काढला. "अनुमोदनबाई आल्या हो, अनुमोदनबाई!"

सभागृह हशाने दणाणलं. मशीनवाले मांड्यांवर थापा मारून हसले, गोदामवाले शिट्ट्या मारू लागले. "कप कोण विसळणार?" मागून दुसरा ओरडला. ज्यांची पगारवाढ त्या अर्ध्या वर गेलेल्या हाताला लटकली होती, तेच लोक तो हात खाली येईपर्यंत हसत राहिले. बॉयलरवाल्याने त्याच हाताने कान खाजवला आणि तो हात पुन्हा कुणाला दिसू नये असा काखेत घातला.

आता मशीन विभागाचा प्रतिनिधी तेवढा उरला.

"कॉम्रेड," सरचिटणीस जवळजवळ विनवत होते, "निदान तुम्ही तरी. तुमच्याच लोकांची पगारवाढ आहे."

नवरा उभा राहिला. तिने त्या दुपारी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द, आणि कात्रीच्या धाकटीची फी, तिची स्वतःची टेबलाजवळची जागा, सगळं त्या पट्ट्यावरून वाहून जाणार होतं. त्याला तो शब्द म्हणायचाच होता, हे तिला दिसत होतं. वाढलेला पगार त्याच्या डोळ्यांत चमकत होता. त्याने शर्ट खाली ओढला, घसा साफ केला.

"द्या, द्या! घरची गादी चालवा!" पुढच्या रांगेतला मघाचाच आवाज आला.

पुन्हा हशा. नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने छाती पुढे काढली, अख्ख्या सभागृहावरून नजर फिरवली आणि कारखान्याच्या भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात म्हणाला, "ते आपलं काम नाही. आमच्या घरात अनुमोदन ती देते!"

टाळ्या पडल्या. त्याला वाटलं आपण जिंकलो. तो ऐटीत खाली बसला.

टाळ्या विरायच्या आतच अध्यक्षांनी घटनेचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. वकिलाला याहून गोड संधी कुठली मिळणार? "अनुमोदनाअभावी ठराव पडला आहे. पॅकिंगचं कलम असलेला करार या वर्षी सभेपुढे येणार नाही. सभा संपली." मशीनवाल्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं. नेमकं काय झालं ते त्यांना कळेपर्यंत बायका दाराबाहेर पडल्या होत्या.

आभार राहूनच गेले. ते तिच्याकडे होते.

दाराशी कात्री थांबली होती. तिने कौतुक केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. "उद्या वेळेवर ये," म्हणाली. "टेबलाजवळ जागा ठेवते."

घरी जाताना या वेळी ती पुढे होती आणि तो सायकल घेऊन मागे. रस्ताभर तो बोलत होता. सरचिटणीस कसा मूर्ख, बॉयलरवाला कसा शेपूट घालणारा, खजिनदार कसा अस्तनीतला निखारा. आणि सगळ्यांना पुरून उरली ती तिची वागणूक, नवऱ्याच्या तोंडचा घास काढणारी.

"तो घास तुमच्याच हातात होता की," ती म्हणाली. "तुम्ही उभे होतात."

"मग काय, चारचौघांत बायकी काम करू?"

"नका करू."

आपण सभागृहात नक्की काय बोललो ते त्याला आत्ता कुठे ऐकू येऊ लागलं असावं. घर येईपर्यंत त्याने घंटी एकदाही वाजवली नाही.

आत शिरल्यावर तो नेहमीप्रमाणे पंख्याखाली बसला, पाय लांब केले, डोळे मिटले.

"चहा घेऊ या," तो म्हणाला.

ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची हातांची होती. तिच्यावर एरवी त्याचे कपडे पडलेले असायचे. तिने ते उचलून खाली ठेवले होते.

"सूचना चांगली आहे," ती म्हणाली.

त्याने वाट पाहिली. पंखा फिरत राहिला. त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक. बऱ्याच वेळाने तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येऊ लागले. साखर सापडली. चहाचा डबा कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं.

तिने सांगितलं नाही.